जुनी गाडी पाणी पीत नाही

"जुनी गाडी हाय भाऊ, पाणी त पिणारच."

आदिलाबादच्या कुठल्याही गॅरेजात, बेल्याला, इचोड्याला, नाहीतर पैनगंगा ओलांडून पाटणबोरीला, गाडीतले पाणी कमी होते अशी तक्रार घेऊन जा. पहिले उत्तर बहुधा हेच मिळते. सांगणारा मिस्त्री लबाड नसतो आणि ऐकणारा मालकही अडाणी नसतो. पण या उत्तराने दोघांचेही समाधान होते, बोनेट बंद होते आणि बोअरच्या पाण्याचा कॅन डिकीत कायमच्या मुक्कामाला येतो. मग कधी अर्धा लिटर, उन्हाळ्यात एक लिटर, असा रतीब सुरू होतो. पुढे एखाद्या मे महिन्यात इंजिन गरम होते, हेड वाकते, गाडी टोचन करून आणावी लागते, आणि तेव्हा लोक म्हणतात, बघा, जुनी गाडी शेवटी दगा देतेच.

या समजाविरुद्ध मला बोलायचे आहे. गाडीची पाण्याची व्यवस्था बंद असते. तिच्यातून जे कमी झाले ते कुठून तरी बाहेर गेलेले असते, आणि ती जागा शोधता येते. ती सापडत नाही तेव्हा बहुतेक वेळा ती आपल्याच हातांनी झाकलेली असते. साधे पाणी ओतत राहणे, हळद टाकणे आणि थर्मोस्टॅट काढून फेकणे या आपल्याकडच्या तीन सवयींनी गळती लपते. गाडीच्या वयाचा त्यात फारसा संबंध नाही.

आधी समोरच्या बाजूला तिचे श्रेय देऊ. गाडी पाणी पिते हे एके काळी खरे होते. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत इंजिन थंड करण्यासाठी पाणी उकळून वाफ होऊ देण्याचीच योजना होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा त्यांना वाटेत जागोजागी पाणी भरत जावे लागले. ती गाडी खरोखरच पाणी पीत होती. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर बसवला आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून थंड करण्याची रीत रुजली. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि अँबॅसडरच्या काळातही रोज सकाळी पाणी पाहणे हे ड्रायव्हरचे रास्त काम होते, कारण ज्या गाड्यांना जास्तीचे पाणी साठवून परत ओढणारा डबा नव्हता, त्यांत तापून फुगलेले पाणी नळीवाटे रस्त्यावर सांडत असे. आजच्या मिस्त्रींच्या उस्तादांनी ही शिकवण त्या गाड्यांवर घेतली. त्यांच्या गाड्यांपुरते ते बरोबरच होते.

पण आज आपण ज्यांना जुन्या गाड्या म्हणतो, त्या मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका. त्यांच्या बोनेटखाली पाण्याचा प्लास्टिकचा डबा असतो. इंजिन तापते तेव्हा पाणी सुमारे चार टक्क्यांनी फुगते आणि रेडिएटरच्या टोपीतली स्प्रिंग उचलून डब्यात जाते. इंजिन थंड झाले की आत निर्वात पोकळी होते, टोपीतली दुसरी छोटी झडप उघडते आणि तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. म्हणून डब्यातली पातळी गरम असताना वर आणि थंड असताना खाली दिसते, आणि म्हणूनच एकदा गरम, एकदा थंड पाहणाऱ्याला उगीच भास होतात. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहिले तर चांगल्या गाडीत ही पातळी महिनोन्‌महिने जवळपास तिथेच राहते. वर्षभरात डब्यातून थोडेफार उडून जाईल. आठवड्याला अर्धा लिटर उडत नाही.

मग ते अर्धा लिटर जाते कुठे? वाटा तीनच आहेत. एक, बाहेर: होज पाईप, रेडिएटर, पाण्याचा पंप, इंजिनाच्या ब्लॉकला ठोकून बसवलेल्या पातळ पत्र्याच्या झाकण्या, किंवा कमजोर टोपी. दोन, गाडीच्या आत: डॅशबोर्डमागच्या हीटरमधून पायाखालच्या गालिच्यात. तीन, इंजिनाच्या पोटात: हेड गॅस्केटमधून सिलिंडरात किंवा ऑइलमध्ये. चौथी वाट नाही. गाडी दहा वर्षांची असो की पंचवीस वर्षांची.

आता पहिली सवय. "आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो, कूलंट कशाला?" हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. तेलंगणात आदिलाबादची थंडी कडक, तरी पाणी गोठण्याइतकी ती नाही हे खरेच. पण कूलंटचे काम गोठण थांबवण्यापुरते नसते. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण, रेडिएटरच्या टोपीच्या दाबाखाली, सव्वाशे अंशांच्या पुढे उकळते. नुसते पाणी त्याच दाबाखाली १२० अंशांच्या आसपास. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना हा फरक कामाचा असतो. त्याहून मोठे काम गंज रोखण्याचे. कूलंटमधली रसायने लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम सांभाळतात. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार मात्र रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, आणि ब्लॉकवरच्या त्या पातळ झाकण्या आतून कुरतडल्या जातात. म्हणजे आजची गळती भागवायला ओतलेले पाणी उद्याची गळती तयार करते.

हिशेबच करून पाहा. लहान गाडीत सारे मिळून चार लिटर धरू. आठवड्याला अर्धा लिटर जाते आणि तेवढेच साधे पाणी ओतले जाते. दोन महिन्यांत ५० टक्क्यांचे कूलंट साधारण १७ टक्क्यांवर येते. मालक समजतो की गाडीत कूलंट आहे. असते ते रंग उरलेले पाणी.

आणि तपासाच्या दृष्टीने सर्वांत मोठे नुकसान वेगळेच आहे. कूलंटला रंग असतो, गोडसर वास असतो, आणि ते सुकले तरी हिरवा किंवा गुलाबी चट्टा मागे ठेवते. साधे पाणी तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडले की क्षणात वाफ होते. फार तर पांढुरका क्षार उरतो, आणि आपल्या रस्त्यांच्या धुळीत तो कुणाला दिसणार? ज्या गळतीला मिस्त्री लपलेली म्हणतो, ती पुष्कळदा अशी पुसली गेलेली असते. त्यात उन्हाळ्यात एसी चालू असला की गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतेच. मग खालचा प्रत्येक थेंब एसीच्या नावावर जमा होतो. गाडीत रंगीत कूलंट असते तर दोन्ही थेंबांतला फरक नुसत्या नजरेला कळला असता.

दुसरी सवय हळदीची. रेडिएटर गळतो, टाक मूठभर हळद. ही युक्ती निव्वळ थाप नाही. भुकटी पाण्यात फुगते आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात जाऊन बसते. निर्मलजवळच्या महबूब घाटात रात्री कुटुंबासह अडकलेल्या माणसाने हळद टाकून पुढचे गाव गाठले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण गाव गाठल्यावर ती सारी धुऊन काढून छिद्र शोधले पाहिजे, आणि तेवढे कुणी करत नाही. हळदीला छिद्र आणि नळी यांतला भेद कळत नाही. ती रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत, हीटरच्या त्याहून अरुंद नळ्यांत, थर्मोस्टॅटच्या फटीत सारखीच बसते. बाजारातल्या गळती बुजवण्याच्या तयार बाटल्यांचीही गत फार वेगळी नाही. गळणारी गाडी मग तुंबणारी गाडी होते, आणि पाण्याचा रंग बदलल्याने पुढे तपास करणाऱ्याला खरा डाग ओळखता येत नाही.

इथे काही जण परंपरेचा अभिमान पुढे करतात. त्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. ते भावनेवर जिंकले नाहीत. जुने ग्रंथ आणि प्रसिद्ध झालेले निबंध पुराव्यादाखल मांडून जिंकले. हळदीचा मान पुराव्याने राखला गेला. रेडिएटरच्या बाबतीत मात्र आपण पुरावा बुजवायला हळद वापरतो.

तिसरी सवय सर्वांत घातक, कारण ती तांत्रिक शहाणपण म्हणून विकली जाते. "इथल्या उन्हात थर्मोस्टॅट नकोच, काढून टाका, पाणी मोकळे फिरेल." थर्मोस्टॅट ही तापमानावर उघडझाप करणारी साधी झडप आहे. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागते. बाहेर ४५ अंश असोत की ५, इंजिनाला हवे ते तापमान तेच. झडप काढली की डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त जाते, ऑइल अंगाला लागण्याआधी झीज होते. काही इंजिनांत हीच झडप उघडताना आडवाटेचे तोंड बंद करते. ती काढली तर थोडे पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहते आणि भर उन्हात गाडी उलट जास्त तापते. झडप अडकली असेल तर नवी बसवा, तिला फार पैसे पडत नाहीत. ती काढल्याने गळती थांबत नाही. इंजिन थंड चालल्याने दाब कमी राहतो, गळती काही दिवस मंदावते, आणि आपण ती दुरुस्त झाली असे समजतो.

या तिन्ही सवयींच्या पाठीशी एक दिलासा असतो: "काटा तर वर गेला नाही ना?" हा दिलासा खोटा ठरू शकतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी त्याच्या खाली गेले की तो हवेत किंवा वाफेत लोंबकळतो, आणि इंजिन भाजत असताना काटा मध्यावर किंवा त्याहूनही खाली राहू शकतो. तसेच डब्यात पाणी दिसते म्हणून रेडिएटर भरलेला आहे असेही नाही. टोपीतली परत ओढणारी झडप बिघडली तर डबा भरलेला आणि रेडिएटर रिकामा अशी स्थिती येते. टोपी उघडूनच पाहावे लागते, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम टोपी उघडली की दाब सुटतो, आतले शंभर अंशांवरचे पाणी एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर येते. ओल्या गोणपाटाने टोपी फिरवण्याचे धाडस कौतुकाचे नाही. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणेही तसेच; त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

हे सारे मी आदिलाबादच्या संदर्भात इतक्या आग्रहाने का मांडतो? कारण इथे गाडी बंद पडणे ही नुसती गैरसोय नसते. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. मोठ्या इलाजासाठी इथल्या रिम्स रुग्णालयातून पुढे जायचे तर यांतले एक गाठावे लागते. इंद्रवेल्ली, उटनूरकडे वळलात की जंगलाचे रस्ते, मैलोन्‌मैल गॅरेज नाही. पौषात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जुन्या गाड्या माणसांनी भरून निघतात. बेला, जैनथ, तलमडगूच्या शेतकऱ्याला जुनी गाडी हौस म्हणून नको असते. बी-बियाणे, बाजार, दवाखाना, मुलींची शाळा, सगळे तिच्यावर चालते. अशा माणसाला "पाणी पिणारच" असे सांगून वाटेला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या मताकडे वळतो. काही गॅरेजांत उत्तर याच्या अगदी उलट मिळते: "गळती दिसत नाही ना? मग हेड गॅस्केट गेले. हेड उतरवू." दुखते कुठे ते न बघता पोट फाडण्यातला हा प्रकार. हेड उतरवले की ते घासून सपाट करणे, म्हणजे फेस मारणे आले, नवे गॅस्केट, ऑइल, टायमिंग, दिवसांची मजुरी. आणि एवढे करून गळती पंपाच्या सीलमधून निघाली तर ती तशीच राहते. हेड गॅस्केट जाते, हे मी नाकारत नाही. पण ते सिद्ध करणाऱ्या तपासण्या हेड जागेवर असतानाच करता येतात.

तपासाला क्रम असतो, स्वस्तापासून महागाकडे. आधी व्यवस्था धुऊन योग्य कूलंट भरावे, डब्यावर सकाळच्या पातळीला चिकटपट्टी लावावी आणि तारीख लिहावी. मग टोपी पाहावी: रबर चिरले आहे का, स्प्रिंग सैल आहे का. टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो तिचा दाब. कमजोर टोपी तेवढा दाब धरत नाही, पाणी लवकर उकळते आणि डब्याच्या नळीतून बाहेर पडते. काही शे रुपयांची ही वस्तू कित्येक गाड्यांची "तहान" भागवते.

टोपी ठीक असेल तर दाबाची तपासणी. टोपीच्या जागी बसणारा, घड्याळ लावलेला हातपंप मिळतो. थंड इंजिनावर तो बसवायचा, टोपीवर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. काटा जागेवर राहिला तर बाहेरची गळती त्या घडीला नाही. खाली आला तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन कामाला लागायचे. जी गळती चालताना तापलेल्या लोखंडावर पडून उडून जात होती, ती आता थंड इंजिनावर थेंब होऊन दिसते. म्हणून ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि म्हणूनच जो मिस्त्री तिला वेळेचा अपव्यय म्हणतो त्याच्याशी माझा वाद आहे.

पाहायच्या जागाही ठरलेल्या आहेत. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला दुमडून बसवलेली असते, तो जोड. प्रत्येक होजचे तोंड. काही जोड फक्त थंडीत, रबर आकसल्यावर गळतात आणि गरम झाले की बंद होतात, त्यामुळे गॅरेजात पोहोचेपर्यंत कोरडे असतात. पाण्याचा पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात: त्याच्या शाफ्टखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, आतले सील झिजले की तिथून ओल येते. कित्येक इंजिनांत ते पट्ट्याच्या कव्हरामागे दडलेले असते. ते भोक एमसीलने बुजवणारे हात मी पाहिले आहेत. ते बुजवले की पाणी बेअरिंगमध्ये शिरते, आणि पंप एक दिवस रस्त्यातच जाम होतो.

बाहेर सगळे कोरडे आणि काटा तरीही खाली येतो? मग डाव्या सीटखालचा गालिचा उचलावा. हीटर आपल्याकडे क्वचितच वापरतात, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. पण बऱ्याच गाड्यांत तो वापरा न वापरा, पाणी त्यातून फिरतच असते. आतल्या काचेवर तेलकट धुके, केबिनमध्ये गोडसर वास आणि ओला गालिचा या खुणा हीटरकडे बोट दाखवतात. तरीही पत्ता लागला नाही तर कूलंटमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि निळसर दिवा मिळतो. काही दिवस गाडी चालवून अंधारात पाहिले की वाट उजळते.

यानंतर इंजिनाच्या पोटाचा विचार. निळ्या द्रवाची एक साधी नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत असेल तर निळा द्रव पिवळसर होतो. एखादा स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ निघणे, गरम इंजिनातूनही सतत येणारा पांढरा धूर, चालू इंजिनात रेडिएटरमध्ये थांबता न थांबणारे बुडबुडे, याही साक्षी आहेत. ऑइलच्या झाकणाखालच्या दुधट थराबाबत मात्र सावध राहावे. थंडीत छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो, आणि त्या एकाच खुणेवर हेड उतरवणे चूक आहे. या साऱ्या साक्षी जुळल्या तर हेड उतरवा. मग त्या खर्चाला आधार आहे.

तपास करताना एक पथ्य हवे. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते. ओळखण्यासाठी जिभेवर बोट लावू नका. काढलेले कूलंट नालीत ओतू नका किंवा उघड्या भांड्यात ठेवू नका. कुत्री, वासरे ते पितात आणि मरतात.

तिसरे उत्तर आजकाल शहरातून येते: "एवढा खटाटोप कशाला, भंगारात द्या." पंधरा वर्षांनी खासगी गाडीची फिटनेस तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते, हा कायदा आहे. ठरावीक वयानंतर गाडी बाद करण्याचा दिल्लीतला नियम आदिलाबादला लागू नाही. धूर, ब्रेक, सांगाडा यांत गाडी नापास झाली तर ती जरूर काढावी. पण पंपाचे सील गेले म्हणून अख्खी गाडी मोडीत काढायला सांगणे आणि ते सील न शोधता पाणी ओतत राहायला सांगणे, दोन्हीकडे आळस एकच आहे: पाहायचे नाही.

आता शेवटचा आणि खरा मुद्दा, आणि तो आपल्या मालकांकडे वळतो. जो मिस्त्री दोन तास टॉर्च आणि आरसा घेऊन इंजिनाखाली पडून राहतो आणि शेवटी एक क्लिप बदलतो, त्याला आपण काय देतो? क्लिपचे पैसे आणि वर पन्नास रुपये चहाला. जो न बघता रेडिएटर बदलतो, त्याला रेडिएटरवरचा नफा आणि मजुरी दोन्ही मिळतात. मग शोध कोण आणि का घेईल? "गाडी पाणी पिते" हे उत्तर गॅरेजात टिकून आहे, कारण त्याच्या जागी खरे उत्तर शोधायची मजुरी आपण द्यायला तयार नाही. दाबाच्या तपासणीचे पैसे वेगळे विचारा आणि वेगळे द्या, गळती सापडो न सापडो. बदललेला जुना भाग हातात मागून घ्या. गॅरेजात दाब तपासायचा हातपंप नसेल तर दोन-तीन गॅरेजांनी मिळून एक घ्यावा. एका उतरवलेल्या हेडच्या खर्चात तो सहज येतो. आणि पुढच्या वेळी "पाणी त पिणारच" असे ऐकू आले की बोनेट बंद करू नका. विचारा: तीन वाटांपैकी कुठली? उत्तर देता येईपर्यंत गाडी तिथेच उभी राहू द्या, आणि त्या वेळेचे दाम मोजा.